दौंडच्या पाहुण्यांची फाईल

तुमचा चहा आधी खाली ठेवा. मी हे सांगायला लागलो की कुणाला तरी ठसका लागतोच, आणि मागच्या खेपेला तो चहा माझ्या अंगावर आला होता. आपली फजिती आपणच सांगायची म्हणजे जरा जिवावर येतं, पण दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐका. निदान त्यात माझी बाजू तरी येईल. तशी माझी बाजू फार नाहीच म्हणा.

तर मी रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. राहायला कारेगावात, मूळ गाव कवठे येमाई. माझं काम काय, तर मशीनवरून आलेला पार्ट हातात घ्यायचा, मापायचा आणि पास का नापास ते सांगायचं. उभा जन्म त्यात गेला. आमच्याकडं एक नियम आहे, तो तेवढा ध्यानात ठेवा, कारण पुढं तोच माझ्या मुळावर आला. नापास पार्ट भंगारात टाकायच्या आधी त्याच्यावरचा टॅग मोठ्यानं वाचायचा. समोरच्या माणसानं 'ओके' म्हणायचं. मगच तो पार्ट लाल पेटीत. ओके आल्याशिवाय हात हलवायचा नाही.

आता ही सवय काही कंपनीच्या गेटवर काढून ठेवता येत नाही. दुकानात मी बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख मोठ्यानं वाचतो. एसटीत बसलो की समोरची 'खिडकीबाहेर हात काढू नये' ही पाटी वाचतो. सुनीता, म्हणजे आमची मंडळी, सुरुवातीला लाजायची. आता ती पोळ्या लाटता लाटता तिकडूनच 'ओके' म्हणते आणि विषय संपवते.

त्यात कंपनीत ते एआयचं ॲप आलं. मीटिंगचं रेकॉर्डिंग त्यात टाकायचं, की ते आपलं आपण ऐकतं आणि झकास रिपोर्ट लिहून देतं. कोण काय म्हणालं, अडचण काय, उपाय काय, सगळं. मी तर त्याच्या प्रेमातच पडलो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण माझे नऊ काही संपेनात. सोसायटीच्या गणपतीची मीटिंग टाकली. सासूबाईंनी सांगितलेली लोणच्याची कृती टाकली. सुनीताची आणि माझी भांडणंही टाकणार होतो, पण रिपोर्टात 'अडचण' म्हणून कुणाचं नाव येईल याची खात्री नव्हती.

आमची एकुलती एक लेक प्रतीक्षा. फार्मसी करून शिरूरला नोकरी करते. तिच्यासाठी स्थळं बघायला लागून बरेच दिवस झाले होते. एकाला ती नको म्हणाली, कारण तो तिच्याशी बोलायचं सोडून फोनमध्येच बघत होता. दुसऱ्यानं विचारलं, लग्नानंतर नोकरी सोडशील का. तिनं त्यालाच विचारलं, तू सोडशील का. तिथंच पोहे थंड झाले. मी तिला एका शब्दानं बोललो नाही, पण आतून घाबरलो होतो. लेकीला तिच्या मनासारखं घर मिळावं, याच्यापलीकडं मला काही नको होतं.

मग दौंडचं स्थळ आलं. मुलगा ऋषिकेश, पुण्यात नोकरीला. वडील रेल्वेतून रिटायर झालेले. कार्यक्रम कवठ्याला ठेवला, कारण आबांचा हट्ट. आबा म्हणजे माझे चुलते, दूध डेअरीचे माजी चेअरमन. चेअरमनकी गेली, पण मीटिंग घ्यायची हौस काही गेली नाही.

पाहुणे दिलेल्या वेळेच्या आधीच दारात. रेल्वेचा माणूस, दुसरं काय होणार? पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या आईनं पेढ्यांचा बॉक्स सुनीताला दिला, सुनीतानं तो माझ्याकडं दिला, आणि मी काय केलं असेल? बॉक्स उलटा केला आणि खालची तारीख खणखणीत आवाजात वाचली. वाचून थांबलो. कुणी ओके म्हणेना. सगळे दौंडकर माझ्या तोंडाकडं बघायला लागले. शेवटी सुनीतानं कोपर मारलं आणि म्हणाली, "ओके. ठेवा आता तो तिकडं."

मुलगा मात्र गप्प बसून होता. त्याला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून मी त्याला आमच्या कंपनीची, मशीनची, मापं घ्यायच्या हत्यारांची, भंगाराच्या लाल पेटीची सगळी माहिती दिली. तो मान डोलवत राहिला.

आता पुढची रीत तुम्हाला माहीतच आहे. पाहुण्यांची गाडी दिसेनाशी होईपर्यंत दारात उभं राहून हात हलवायचा, आणि गाडी गावाच्या कमानीबाहेर गेली रे गेली की सगळ्यांनी पडवीत गोळा होऊन पाहुण्यांची चिरफाड सुरू करायची. त्याशिवाय पोह्यांचं सार्थक होत नाही. आबा खुर्चीत बसले, म्हणजे मीटिंग सुरू झाली. मीटिंग म्हटल्यावर माझा हात आपोआप खिशात गेला. फोन काढला, रेकॉर्डिंग चालू केलं आणि मधोमध पानाच्या डब्याशेजारी ठेवला.

आबा पहिलंच वाक्य बोलले, "घर चांगलं हाय. पर पोरगं बोलंना. मुकं हाय का तेवढं बघा."

सुनीताचं म्हणणं, मुलाच्या आईनं पोह्यातल्या मिरच्या वेचून बशीच्या कडेला अगदी ओळीनं लावल्या होत्या. बाई फारच टापटिपीची, आणि आपल्या पोरीची कपाटं म्हणजे उघडली की कपडे अंगावर. कसं व्हायचं?

मग मला चेव चढला. मी म्हणालो, व्याही घड्याळात बघून घास घेतोय. त्याच्या घरी जेवायला उशीर झाला तर गाडी सुटावी तसं ताट हललंच समजा. सगळे हसले. हसल्यावर माणूस थांबतो का? मी मुलाच्या कानांवर घसरलो. कान जरा मापाबाहेर आहेत म्हणालो. शेवटी निकालही मीच दिला, किरकोळ दोष आहेत, पण चालवून घेऊ.

रेकॉर्डिंग ॲपमध्ये टाकलं. आमच्याकडं बिननावाची वस्तू ठेवणं म्हणजे गुन्हा, म्हणून फाईलला व्यवस्थित नाव दिलं. ॲपनं चहा गाळायच्या आत रिपोर्ट दिला. मुद्दा पहिला, मुलगा बोलत नाही. उपाय, पुढील भेटीत बोलण्याची संधी द्यावी. मुद्दा दुसरा, मुलाचे वडील घड्याळ पाहून जेवतात. उपाय, ताट वेळेवर वाढावे. मुद्दा तिसरा, मुलाचे कान. उपाय, उपलब्ध नाही. आबांना मी तो वाचून दाखवला तेव्हा त्यांनी दोनदा वाचायला लावला, आणि मी तोही नाव देऊन ॲपमध्येच जपून ठेवला.

संध्याकाळी प्रतीक्षा माझ्याजवळ आली. भिंतीचा पोपडा नखानं काढत म्हणाली, "पप्पा, मला चालंल."

मी उठून गोठ्यात गेलो आणि गाईच्या पाठीवरून उगाच हात फिरवत उभा राहिलो. डोळे भरून आले होते, आणि असल्या वेळी गाय काही विचारत नाही, हे एक बरं असतं.

दोन दिवसांनी दौंडहून फोन आला. त्यांचाही होकार. सुपारी दौंडला फोडायची, तारीखही धरली. फोन ठेवता ठेवता व्याही अभिमानानं म्हणाले, "आन् पाव्हणं, त्या दिशी सांगायचं ऱ्हायलंच. ऋषीनं कंपनी बदलली. ते एआयचं ॲप न्हाई का, लोकं फोनमदी वापरत्यात? त्यांच्याच पुण्याच्या हापिसात लागलाय. सगळ्या जगाच्या फायली त्यांच्याकडं असत्यात म्हणं."

मी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं. माझ्या फोनमधलंच ॲप.

तुम्ही म्हणाल, त्यात काय? अहो, आमच्या स्टोअरला गायकवाड म्हणून माणूस आहे. कुणाचा कोणता माल कुठल्या रॅकवर, सगळं त्याला तोंडपाठ. दुपारी काम नसलं की खोकी उघडून बघत बसतो. माझ्या डोळ्यांसमोर चित्र उभं राहिलं. पुण्यात मोठं स्टोअर आहे, ऋषिकेश तिथं खुर्चीत बसलाय, दुपारची वेळ आहे, काम नाही. तो हात लांब करतो, माझं खोकं काढतो आणि त्यात निघतात त्याचे स्वतःचे कान.

आणि मग प्रतीक्षाचं काय? पोरीनं पहिल्यांदा कुणाला 'चालंल' म्हटलं होतं. ते तिच्या बापाच्या तोंडामुळं मोडलं असतं, तर मी तिला तोंड कसं दाखवलं असतं?

मी ताबडतोब ॲपमधलं ते सगळं संभाषण पुसलं. हुश्श केलं. पण क्वालिटीचा माणूस, खात्री केल्याशिवाय कसा राहील? ॲपलाच विचारलं, बाबा, माझी फाईल गेली का? ते अतिशय नम्रपणे म्हणालं की संभाषण पुसलं तरी त्यात टाकलेल्या फायली जात नाहीत, त्या वेगळ्या साठवणीत राहतात.

मी ती साठवण शोधायला लागलो. सापडेना. तेव्हा मी स्क्रीनचा फोटो काढला आणि त्यालाच पाठवून विचारलं, इथून पुढं कुठं जायचं? त्यानं रस्ता सांगितला. गेलो. बघतो तर काय, तिथं माझ्या दोन फायली होत्याच, आणि शेजारी आत्ता पाठवलेला फोटोही येऊन बसला होता. म्हणजे चोर पकडायला पाठवलेला पोलीसच घरात राहायला आला. मी पुन्हा फोटो काढून विचारलं, ह्याचं काय करू? आता चार झाल्या. आणि प्रत्येक फोटोला मी इमानदारीत नावही देत होतो. सवय, दुसरं काय!

शेवटी सगळ्या निवडल्या आणि डिलीट दाबलं. गेल्या. पण खाली बारीक अक्षरात आलं की फायली ट्रॅशमध्ये महिनाभर राहतील. महिनाभर? म्हणजे ही तर आमची लाल पेटी झाली. भंगारवाला येईपर्यंत माल तिथंच, कुणीही येऊन बघावा. आणि महिन्याच्या आतच दौंडला सुपारी.

मग मी ॲपला विनवण्या केल्या. म्हणालो, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, झालं गेलं विसरून जा. ते म्हणालं, तुमची काळजी समजू शकतो, मुलीच्या स्थळाबाबतचा अहवाल पुन्हा तयार करून देऊ का? मी फोन उशीखाली घातला आणि त्याच्यावर बसलो.

सुनीतानं बघितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाली की पोरगा त्याच कंपनीत आहे तर त्यालाच सरळ विचारा, खायचा नाही तो तुम्हाला. मी म्हणालो, वेडी का काय? चोरानं फौजदाराला विचारायचं, माल कुठं लपवू? पण दुसरा मार्गही दिसेना. मग मी डोकं लढवलं. मित्राचं नाव पुढं करायचं ठरवलं. कंपनीतला एक मित्र, बिचारा अडाणी, त्याची अडचण. ऋषिकेशला मी सुनीताच्या फोनवरून फोन लावला आणि माझा फोन समोर ठेवला.

पोरगं लगेच बोलायला लागलं की. मामा कसे आहात, मामींची तब्येत कशी आहे. चांगलं स्पष्ट बोलत होतं, मुकं अजिबात नव्हतं. मी मित्राची हकिगत सांगितली. तो म्हणाला, "सोपं आहे, मामा. मित्र जवळ आहेत का तुमच्या? त्यांच्याकडंच द्या फोन."

आता आली का पंचाईत? मी फोन या हातातून त्या हातात घेतला, घसा खाकरला आणि एकदम खर्जात म्हणालो, "नमस्कार. मी शिंदे."

सुनीता समोर कणीक मळत होती. तिनं तशाच पिठाच्या हातानं पदर तोंडात कोंबला.

"नमस्कार, काका," ऋषिकेश म्हणाला. मग त्यानं अगदी शांतपणे रस्ता सांगितला. सेटिंग उघडा. त्यात फायली. त्यात ट्रॅश. फायलीवर बोट दाबून धरलं की कायमचं डिलीट करायचं बटण येतं. सगळं त्यानं सांगितल्याबरहुकूम येत गेलं. समोर चार फायली, चारही नावानिशी, आणि खाली लाल बटण. कायमचं डिलीट. एकदा दाबलं की परत मिळणार नाही.

आता माझी बाजू ऐका. समोर नापास माल. त्याच्यावर टॅग. खाली लाल पेटी. फोनच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस उभा. इतक्या वर्षांत मी टॅग वाचल्याशिवाय एक बोल्टसुद्धा भंगारात टाकलेला नाही. माझ्या डोक्यात त्या वेळी शिंदे नव्हता, दौंड नव्हतं, काही नव्हतं. मी छाती भरून, माझ्या स्वतःच्या आवाजात वाचलं, "दौंडचे पाहुणे, कमानीबाहेर गेल्यानंतरची चर्चा."

आणि थांबलो.

पलीकडून आवाज आला, "ओके, काका."

मी बटण दाबलं. गेली. दुसरी उघडली. "मुलगा, किरकोळ दोष. बोलत नाही, कान मापाबाहेर."

ह्या वेळी ओके यायला जरा वेळ लागला. सुनीता पीठ सोडून उभी राहिली होती आणि दोन्ही हातांनी मला खुणा करत होती. मला वाटलं, ती विचारतेय पोळ्या किती लाटू. मी तिला बोटांनी चार दाखवल्या.

"ओके, काका," ऋषिकेश म्हणाला. आवाज थोडा हलत होता.

दाबलं. तिसरी. "वरील फायली नष्ट कशा कराव्यात, फोटो पहिला."

"ओके."

चौथी. "पोराला कळायच्या आत नष्ट कशा कराव्यात, फोटो दुसरा. तातडीचे."

"ओके, मामा," तो म्हणाला. "टाका भंगारात."

'मामा' ऐकलं आणि मी बटणावर बोट ठेवून तसाच बसलो. सुनीता भिंतीला टेकून खाली बसली होती. मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुतेक आधी शिंद्यांच्या आवाजात माफी मागितली आणि मग माझ्या. म्हणालो, बाबा, माझं तोंड वाईट आहे, पण ह्यात पोरीचा काही दोष नाही. तू मनात काही धरू नकोस. तिला तू आवडलास. कानासकट.

मी फोन कानाला घट्ट दाबला. मग कळलं की पोरगं हसत होतं. हसून हसून त्याला बोलता येईना. बऱ्याच वेळानं म्हणाला, "मामा, अहो, त्या फायली आम्ही उघडून बघत नसतो हो. आणि मी तर अकाउंट्सला आहे. लोकांचे पगार करतो. हे डिलीट कसं करायचं ते तुमच्याशी बोलता बोलता मीच कंपनीच्या मदतीच्या पानावर वाचत होतो."

मी विचारलं, मग मला कुणीच बघत नव्हतं?

"कुणीच नाही. तुम्हीच वाचून दाखवलंत."

घ्या. पुण्याच्या त्या स्टोअरमध्ये खोकं उघडून बघणारा एकच गायकवाड होता, आणि तो कारेगावात सुनीताचा फोन कानाला लावून बसला होता.

तेवढ्यावर पोरगं थांबलं नाही. म्हणालं, "आणि मामा, त्या दिवशी मी बोलणार होतो. तुम्ही मशीनवरून खाली उतरलाच नाहीत."

मी विचारलं, तुमच्याकडं काय बोलणं झालं आमच्याबद्दल? तो आधी सांगेना. मग म्हणाला की चर्चा त्यांच्याकडंही झाली, तीही गाडी कमानीबाहेर पडायच्या आतच. मुलगी सगळ्यांना पसंत, घर पसंत. फक्त त्याच्या वडिलांनी दौंड येईपर्यंत एकच गोष्ट लावून धरली होती, की माणूस चांगला आहे, पण पेढ्याच्या बॉक्सवरची तारीख त्यानं एवढ्या मोठ्यानं वाचली का?

चौथी फाईल मी मुकाट्यानं उडवली. ह्या वेळी ओके मागितला नाही.

सुपारीला आम्ही दौंडला गेलो. मी शपथ घेतली होती की एक अक्षर मोठ्यानं वाचायचं नाही. हॉलबाहेरची पाटीसुद्धा मनात वाचली. सगळे विधी नीट पार पडले. आबांनी मुलाला जवळ बसवून घेतलं आणि बोलतं केलं, आणि मग आबांनाच बोलायला मिळेना.

शेवटी व्याही पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्यासमोर आले. मी हात पुढं केले. त्यांनी बॉक्स दिला नाही. आधी तो उलटा केला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि प्लॅटफॉर्मवर घोषणा करावी तशा आवाजात खालची तारीख वाचली. वाचून माझ्याकडं बघत थांबले.

अख्खा हॉल एका सुरात म्हणाला, "ओके!"

दौंडकर म्हणाले, कवठेकर म्हणाले, आबाही म्हणाले. पण सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा असेल? आमच्या प्रतीक्षाचा. साडी सांभाळत ती ऋषिकेशच्या शेजारी उभी होती आणि तोंडावर हात धरून हसत होती. सगळ्यांना आधीपासून शिकवून ठेवणारी तीच.

आमचा नियम तुम्हाला सांगितलाच आहे, ओके आल्याशिवाय हात हलवायचा नाही. आता तर एवढ्या माणसांचा ओके आला होता. व्याह्यांनी बॉक्स माझ्या हातात ठेवला. आणि मी लेकीकडं बघत तसाच उभा. हात काही हलेनात.

मग सुनीतानं कोपर मारलं.

"आवो, पास झाले तुम्ही," ती म्हणाली. "उघडा आता."